धूरमुक्त वाडी आणि चायना शिट्टी

२ जानेवारी
पतसंस्थेची डायरी मिळाली. दरवर्षी रेश्मा तिच्यात दुधाचा हिशोब लिहिते. यंदा सांगितलं, डायरी माझी. ती म्हणाली, तुमी काय लिहिनार? नवऱ्याची किंमत कळायला नवरा दुसरीचा असावा लागतो.
ही डायरी फक्त माझ्यासाठी. वाचून समजेल असा दुसरा माणूस वाडीत नाही.
यंदाचे संकल्प. उपसरपंच होणे. वाडीतून बिडी-सिगारेट हद्दपार करणे. रेश्माच्या हातचं तिखट कमी करणे.
आजचा ठेचा तोंडात धरवेना. नुसती आग. कुठली मिरची आणते कोण जाणे. आई तोच ठेचा बोटाने चाटून खात होती. पण तिच्या तोंडात एक दात नाही, जिभेला काय कळणार?

४ जानेवारी
बापूसाहेब राजीनामा देत नाही.
निवडून आलो तेव्हा खंडोबाच्या देवळात आम्ही दोघांनी भंडारा उचलला होता. उपसरपंचपद आधी त्याला, निम्मी मुदत झाली की मला. दिवाळीला मुदत संपली. तेव्हा म्हणाला, ऊस जाऊ द्या. आज पारावर गाठला तर म्हणाला, मानसिंगराव, एवढी संक्रांत होऊ द्या. हे बोलताना सिगारेटचा धूर माझ्या तोंडावर सोडला.
सिगारेट ओढणारा माणूस म्हणजे वीटभट्टी. स्वतः जळतो, वर शेजाऱ्याच्या धुण्यावर काजळी धरतो. माझं असं नाही. मी उभ्या आयुष्यात बिडीला हात लावलेला नाही. निर्व्यसनी माणसाचा शब्द गावात चालतो तो यामुळेच.
रागाने डोकं फिरलं. घरी येऊन मावा मळला, गालात धरला, तेव्हा कुठं डोकं जागेवर आलं.
मावा हे व्यसन नाही. सुपारी, चुना आणि चिमूटभर पत्ती. सुपारी पूजेला लागते. चुन्यात कॅल्शियम असतं. म्हणूनच सत्तेचाळिसाव्या वर्षी माझे बत्तीसच्या बत्तीस दात जागेवर आहेत.

९ जानेवारी
संधी चालून आली. तालुक्याचं पत्र आलंय, सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानबंदी कडक करा, गावात समिती नेमा. सरपंच राजनंदिनीताईंनी मासिक सभेत विचारलं, अध्यक्ष कोण होतंय? सगळे छताकडे बघायला लागले. मी हात वर केला. बिनविरोध निवड झाली.
आता बापूसाहेबाची सिगारेट आणि खुर्ची दोन्ही एका झटक्यात काढतो.
ग्रामसेवकाने मसुदा करून आणला होता. त्यात धूम्रपानाच्या खाली एक ओळ होती: मावा, गुटखा, तंबाखू खाणे व थुंकणे यासही बंदी. मी ती खोडली. त्याला समजावलं, एका वेळी एकच शत्रू घ्यायचा असतो. शिवाय मी थुंकतो तो पारामागे, ठरलेल्या कोपऱ्यात, शिस्तीत. बिडीवाल्याला शिस्त कुठली? ग्रामसेवक म्हणाला, ताईंनी मुद्दाम घालायला सांगितली होती. मी म्हणालो, अध्यक्ष मी आहे.

१७ जानेवारी
संक्रांत झाली. बापूसाहेब म्हणतो, पाडवा.
यंदा तिळाचे लाडू फार मोठे वळलेत सगळ्यांनी. कुणाच्याही घरी जा, लिंबाएवढा लाडू. पूर्वी सुपारीएवढे असायचे. मी खिशात घालून घरी आणले आणि बत्त्याने फोडून खाल्ले.
टूथब्रशही मोठे करून ठेवलेत कंपन्यांनी. लहान मुलांचा आणला. लहान मुलांच्या वस्तूंची क्वालिटीच चांगली असते.

२६ जानेवारी
झेंडावंदन झालं, मग ग्रामसभा. ठराव मी स्वतः वाचला. एसटी थांबा, पार, दूध डेअरी, शाळा, दवाखाना, पंचायतीचं पटांगण इथं धूम्रपान बंद. ओढील त्याला दंड. शाळेपासून शंभर यार्डांत विक्री बंद. टाळ्या कमी पडल्या. थंडीने लोकांचे हात आखडले होते.
माइक भिकार. शब्द बोबडे येत होते. मागून कुणीतरी म्हणालं, तोंडातलं थुकून बोला. तोंडात काहीच नव्हतं. भाषण आहे म्हणून मी आधीच थुंकून आलो होतो.
मग महिपतीतात्या उठला. पंच्याहत्तरी ओलांडलेला म्हातारा. बिडी नसलेला त्याचा हात मी पाहिलेला नाही. मला म्हणाला, मानसिंगा, तुजी आय तव्यावर मिसरी भाजती तवा आख्खी आळी खोकती. तिची पावती कुनाच्या नावानं फाडायची? सभा हसली. सरपंचताईसुद्धा कागद तोंडाला लावून हसल्या. गाढवाला गुळाची चव काय.
पण टीकेतून शिकतो तोच नेता. घरी येऊन आईला सांगितलं, मिसरी अंगणात भाजायची नाही, दार लावून आत भाज. आई म्हणाली, व्हय बाबा. आणि भाजली. संध्याकाळपर्यंत मी, रेश्मा आणि म्हैस तिघं अंगणात डोळे चोळत बसलो होतो. म्हैस दूध द्यायला तयार होईना. आई मात्र मजेत हिरड्यांवर बोट फिरवत आत बसली होती.
कायद्यासाठी एवढं सोसावं लागतं.

२९ जानेवारी
बारामतीला जाऊन आलो. सात बोर्ड केले. सगळ्यांवर खाली माझं नाव आणि पद. एक लाल पट्टा घेतला दंडाला बांधायला. खेळाच्या सामानाच्या दुकानातून एक शिट्टी घेतली. स्टीलची. रेफ्रीचीच पाहिजे म्हणून सांगितलं.
घरी येऊन फुंकली. वाजेना. नुसती फुस्स. गाल फुगवून फुंकली. फुस्स. चायना माल. वर मेड इन इंडिया लिहायचं आणि आत चायना भरायचं.
आई बसली होती. म्हणाली, दे बघू हिकडं. पदराने पुसली आणि फुंकली. गोठ्यातली कालवड दावं तोडून रस्त्यावर गेली. शेजारचे दोघं काय झालं म्हणून धावत आले.
आईचा छातीचा भाता जुन्या काळचा. आणि चायना मालाचं असंच असतं, लागला तर लागला. तरी ती शिट्टी आईच्या हातात बघवेना, काढून घेतली.

१ फेब्रुवारी
पहिली गस्त. शिट्टीचा आवाज मोबाइलवर डाउनलोड केला आणि भजनी मंडळाच्या ब्लूटूथ स्पीकरला जोडला. स्पीकर काखेत धरून निघालो. तंत्रज्ञान वापरणारा सदस्य तालुक्यात दुसरा नसेल.
डेअरीपाशी महिपतीतात्या सापडला. बटण दाबलं. आधी जाहिरात वाजली, मग शिट्टी. तात्या जागचा हलला नाही. म्हणाला, दंड घे बाबा, पन आदी इस्तू दे, इझली ही. मी म्हणालो, तात्या, मी निर्व्यसनी माणूस, माझ्याकडे काडीपेटी कुठली? तर माझ्या गालाकडे बघून म्हणाला, मग त्यो काय देवाचा प्रसाद हाय?
ज्याला धूर आणि सुपारी यातला फरक कळत नाही त्याच्याशी काय वाद घालायचा. पावती फाडली. त्याने कुठून तरी काडी शोधून ती पावतीच पेटवली आणि तिच्यावर बिडी लावली.

५ फेब्रुवारी
मोठी कारवाई. शाळेच्या कोपऱ्यावर बादशाहभाईची टपरी आहे. चहा, बिस्किट, बिडी-काडी. मावा ठेवत नाही. पूर्वी ठेवायचा. त्याची मुलगी साजिया दातांची डॉक्टर झाली आणि भिगवणला दवाखाना काढला, तेव्हापासून बंद केला म्हणे. मुलीचं ऐकून धंदा करणारा माणूस. म्हणून मला मावा आणायला एवढ्या लांब भिगवणला जावं लागतं. त्याचा राग म्हणून नाही, पण शंभर यार्ड मोजले. टपरी आत येत होती. हलव म्हणालो.
वाटलं भांडेल. भांडला नाही. बरं म्हणाला. दुपारी ट्रॅक्टर आणून टपरी ओढत नेली आणि गावाच्या शिवेबाहेर, कॅनॉलच्या चारीवरच्या पुलापलीकडे उभी केली. त्याच्या पाठोपाठ लोकांनी बाकडंही उचलून नेलं.
घाबरला.

९ फेब्रुवारी
पार ओस. डेअरीपाशी कुणी नाही. एसटी थांब्यावर फक्त कुत्रं. वाडीत औषधाला धूर नाही. महिन्याच्या आत हे करून दाखवलं. लोकांत माझा एवढा दरारा असेल असं मलाच वाटलं नव्हतं.
संध्याकाळी पारावर एकटाच बसलो होतो. बोलायला कुणी आलं नाही. नेतृत्व करणाऱ्या माणसाला हे चालायचंच.

१४ फेब्रुवारी
मासिक सभा पाच मिनिटांत उरकली. मी पाणी पिऊन खाली बसेपर्यंत नळाचा विषय संपला, रस्त्याचा संपला, यात्रेची वर्गणी संपली. सगळे एकमेकांकडे बघून हो हो म्हणत होते. मी विचारलं, हे ठरलं कधी? सगळे कागद आवरायला लागले. ग्रामसेवक नंतर हळूच म्हणाला, अहो, पुलावर.
सगळी वाडी पुलापलीकडे बसते म्हणे. बिडीवाले बिडीला जातात, त्यांच्याशी काम असणारे त्यांच्या मागे जातात, आणि चहा तिथंच म्हणून बाकीचेही जातात. डेअरीचा चेअरमन तिथं, बापूसाहेब तिथं, सोसायटीवाले तिथं. गावाचा सगळा कारभार शिवेच्या बाहेर चाललाय. हद्द पलीकडच्या गावाची, त्यामुळे माझी पावतीही चालत नाही.
व्यसनी लोकांची अक्कल वाकड्या वाटेनेच चालते.

१६ फेब्रुवारी
पलीकडच्या पंचायतीत जाऊन ठराव करा म्हणून समक्ष सांगितलं. त्यांचा सरपंच म्हणाला, राव, तुमच्यामुळं आमच्या हद्दीत रोज बाजार भरायला लागलाय, अजून दोन टपऱ्या येत्याल तर बघा. पालथ्या घड्यावर पाणी.
तसाच भिगवणला गेलो. कामच होतं. मावा घेतला. हॉटेलात चिलापी मागवली. हल्ली मासे कापणाऱ्यांना अक्कल नाही, तुकडे काय, वीटच. वरून रश्श्यात जाळ. चमच्याच्या मागच्या टोकाने थोडं थोडं आत ढकललं. शेवटी रस्सा सोडला, भात पाण्यात कालवून खाल्ला. वेटर बघत होता. बघणारच, उपसरपंच होणारा माणूस रोज थोडाच येतो.

२२ फेब्रुवारी
ठरवलं, आपणच पुलापर्यंत जायचं. पलीकडे पाय ठेवायचा नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. पुलाच्या अलीकडे उभा राहिलो आणि तिथूनच बापूसाहेबाला विचारलं, राजीनाम्याचं काय? तो बाकड्यावरून ओरडला, ऐकू येईना, हिकडं या. मी ओरडलो. माझा आवाज म्हणे हल्ली नाकातून येतो. धुरामुळे त्यांचे कान गेलेत.
तेवढ्यात बादशाहभाईची साजिया भिगवणहून स्कूटीवर आली. माझ्यापाशी थांबली. लहानपणी हिला मी खांद्यावर घेऊन यात्रेत पाळण्यात बसवलं होतं. बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत होती. मग हळू म्हणाली, काका, जरा आ करता का? तिखट झोंबतं का हल्ली? शिट्टी वाजती का?
शिट्टीचं हिला कुणी सांगितलं? रेश्मानेच. घरातली गोष्ट बाहेर जाते ती बायकांमुळे.
मी म्हणालो, डॉक्टरीणबाई, माझे बत्तीस दात शाबूत आहेत, तुझ्या बापाचे किती आहेत ते मोज आधी. तिला राग आला नाही. म्हणाली, दातांचं न्हाय काका, तोंडाचं म्हनते मी. लवकर या.
नवीन दवाखाना, गिऱ्हाईक पाहिजे. धंदा सगळ्यांनाच आहे.

४ मार्च
रमजान सुरू झाला. बादशाहभाई दिवसभर बिडी ओढत नाही, पाण्याचा घोटसुद्धा घेत नाही. दिवसभर दुसऱ्यांना चहा पाजतो. मला हसू येतं. दिवसभर राहवतं तर कायमची का सुटत नाही? मनाची ताकद नाही, दुसरं काय.
मीही ठरवलं, मावा आज दिवसभर बंद. सहज सोडू शकतो हे स्वतःला दाखवण्यासाठी. सकाळी बंद केला. नंतर डेअरीत एकाशी भांडण झालं, डोकं दुखायला लागलं, म्हणून औषधापुरता घेतला. भांडण झालं नसतं तर दिवस सहज गेला असता. उद्या बघू.

१० मार्च
तात्या रस्त्यात भेटला. म्हणाला, मानसिंगा, तुज्या ठरावानं माझी बिडी निम्म्यावर आली. एका बिडीपायी एवढ्या उन्हात पुलापत्तोर कोन जातंय? छाती हलकी वाटती. काल न खोकता झोपलो.
हे त्याने जाहीर बोलायला पाहिजे होतं, चारचौघांत. एकट्याने सांगून काय उपयोग?
मी त्याला म्हणालो, बघा, मी सांगत होतो. तर म्हातारा जवळ आला आणि म्हणाला, आन तुजं रं काय? तोंड असं शिवल्यागत काय दिसतंय? मी म्हणालो, विचारात होतो.

१३ मार्च
होळी. तात्याने विचारलं, होळी हितंच पेटवायची का पुलापलीकडं? सगळे हसले. मी अध्यक्ष या नात्याने हितंच परवानगी दिली.
सगळे बोंबलत होते. मला म्हणाले, मारा बोंब, मानसिंगराव. हात तोंडाला लावला. जो आवाज आला तो होळीच्या आवाजात कुणाला ऐकू गेला नसेल. नाहीतरी होणाऱ्या उपसरपंचाने बोंबलणं शोभत नाही.
पुरणपोळी रेश्माने जाड लाटली होती. मी म्हणालो, पातळ लाटता येत नाही का? तिने माझ्या ताटातली पोळी घेतली, दुधात कुस्करली, साखर घातली आणि परत ठेवली. आई बघत होती. म्हणाली, माज्यासारखीच केलीस की गं त्येला. मी ताट सारून उठलो. भूक होती, तरी उठलो.
मागून आई म्हणाली, आपलं ठेवायचं झाकून आन दुसऱ्याचं बघायचं वाकून. कुणाला म्हणाली कळलं नाही. तात्याला असेल.

२० मार्च
जिंकलो. बापूसाहेबाने राजीनामा दिला.
माझ्या दबावापुढे टिकला नाही. गस्त, बोर्ड, स्पीकर या सगळ्याने माणूस आतून खचतो.
ग्रामसेवक सांगतो ते वेगळंच. म्हणे पुलावर तात्याने बापूसाहेबाला सगळ्यांदेखत धरलं. म्हणाला, भंडारा उचलला व्हतास ना? मानसिंगा कसाबी असंल, पन देवाफुडं दिल्याला सबूद हाय. उद्या राजीनामा दे, न्हायतर माज्या शेजारी बसू नगंस. आणि बापूसाहेब उठला तो थेट पंचायतीत गेला.
गावगप्पा. ज्याच्यावर मी पावती फाडली तो माझ्यासाठी कशाला बोलेल?
२७ तारखेला निवड. नवा पांढरा शर्ट शिवायला टाकला. भाषण तयार करतोय. लांब शब्द टाळायचे, माइक चांगला नसतो.

२७ मार्च
उपसरपंच झालो. बिनविरोध.
गुलाल, फटाके. सरपंचताईंनी नारळ दिला. पुलावरची सगळी मंडळी आली होती. बादशाहभाई रोजा असून हार घेऊन आला होता, साजियाही आली होती. रेश्मा आणि आई दारात उभ्या होत्या. आईने जरीचं लुगडं नेसलं होतं.
मग कुणीतरी म्हणालं, बापूसाहेब, पेढा भरवा, फोटो घेतो. आपल्याकडची रीत आहे ती, मावळत्याने उगवत्याला पेढा भरवायचा. सगळे मोबाइल वर झाले. बापूसाहेबाने बॉक्समधला मोठा कंदी पेढा उचलला, माझ्या खांद्यावर हात टाकला आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून म्हणाला, आ करा, मानसिंगराव.
मी आ केला.
तो म्हणाला, उघडा की तोंड.
मी म्हणालो, उघडलंय.
त्याला वाटलं चेष्टा करतोय. ढकलला पेढा. दातांवर फुटला, ओठांवर, मिशीत, नव्या शर्टावर. कुणीतरी फोटो काढलाच.
कुणी हसलं नाही. एवढी माणसं, ग्रामसभेत खिदळणारी, एक जण हसला नाही. हसले असते तर मी चार शिव्या दिल्या असत्या आणि विषय संपला असता. बापूसाहेबाचा हात तसाच वर राहिला होता. तात्या पुढे आला, एक पेढा तळहातावर चुरला आणि कण कण माझ्या ओठांपाशी धरला. म्हणाला, हळू खा, पोरा.
पेढ्यात साखर जास्त झाल्यामुळे तो कडक झाला होता. भाषण केलं नाही.

२८ मार्च
सकाळी उठलो तर रेश्मा तयार होऊन मोटारसायकलपाशी उभी. कुठं म्हणालो तर म्हणाली, भिगवनला. मी म्हणालो, उपसरपंचाचा पहिला दिवस, शंभर कामं आहेत. ती म्हणाली, मग मी एकटी जाते आन इचारते, माजा नवरा अजून किती दिस जेवंल.
गेलो.
साजियाने सांगितलं, तीन बोटं उभी धरून तोंडात घाला. एक गेलं. दुसरं अडकलं. मी म्हणालो, माझी बोटं जाड आहेत, शेतकऱ्याची. तिने रेश्माकाकीची घ्या म्हणून सांगितलं. रेश्माची बोटं बारीक आहेत. तिचीही दोन गेली नाहीत. तिने बोटं तशीच माझ्या ओठांपाशी धरून ठेवली आणि रडायला लागली. लग्नाला वीस वर्षं होऊन गेली, माझ्यासमोर अशी कधी रडली नव्हती.
साजियाने सगळं सांगितलं. सुपारीने तोंडाच्या आतलं कातडं आवळत गेलंय. तिखट म्हणून झोंबतं, शिट्टी म्हणून वाजत नाही. आवळलं ते पहिल्यासारखं होणं कठीण. मावा आजच सोडला तर आहे ते वाचेल. उजव्या गालात पांढरा चट्टा आहे, पुण्याला जाऊन त्याचा तुकडा काढून तपासायला द्यायचा. मी विचारलं, तपासायला म्हणजे कशासाठी? ती म्हणाली, काका, कॅन्सर न्हाय ना ते बघायला.
मला भीती वाटली. ही डायरी कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. फार भीती वाटली.
निघताना तिने आणखी एक सांगितलं. ठरावात मावा-सुपारीची ओळ तिनेच सरपंचताईंना घालायला सांगितली होती. कुणीतरी खोडली म्हणे. मी म्हणालो, ग्रामसेवकाचं काम असेल. रेश्मा माझ्याकडे बघत होती. मी खिडकीबाहेर बघितलं.

३१ मार्च
मावा बंद. सकाळचा सोडून.
काल पाडवा झाला, आज ईद. बादशाहभाई स्वतः शीरखुर्मा घेऊन आला. दोन डबे. एक घरासाठी. दुसऱ्यात खारीक, बदाम, शेवया सगळं मिक्सरमधून काढलेलं, पेज असते तसं. म्हणाला, साजियानं दिलाय, ह्यो तुमचा. रमजानमध्ये सुटलेली बिडी त्याने परत लावलेली नाही. टपरीवरून बिडीचा माल काढून टाकला, आता नुसता चहा ठेवणार. विचारत होता, टपरी परत शाळेपाशी आणली तर चालंल का? तुमचा सही-शिक्का लागंल.
मी म्हणालो, अर्ज कर, विचार करतो. त्याने हो म्हटलं आणि आईच्या पाया पडून गेला.
बघू किती दिवस टिकतो. हे लोक बोलतात फार.
शीरखुर्मा चांगला होता.

२ एप्रिल
पुण्याची तारीख मिळाली, पुढचा सोमवार. मावा बंद. दुपारपर्यंत बंद होता. दुपारी पुडी काढली, मळली, मग रेश्मा समोर येऊन उभी राहिली. उकिरड्यावर टाकून आलो. उद्याही टाकायला लागणार. परवाही. एवढं अवघड असेल असं वाटलं नव्हतं. बादशाहभाईला कसं जमलं असेल?
उपसरपंच म्हणून पहिली सही केली. टपरीला परवानगी. ग्रामसेवकाला सांगितलं, ती खोडलेली ओळ परत घाल. त्याने मूळ मसुदा काढला, माझी रेघ होती तिथे बोट ठेवलं आणि विचारलं, हीच ना? मी म्हणालो, हीच.
संध्याकाळी जेवायला बसलो. रेश्माने आईला देते तशीच मलाही भाकरी दुधात कुस्करून दिली. दोन वाट्या शेजारी शेजारी. आईला एक दात नाही. माझे बत्तीसच्या बत्तीस जागेवर आहेत. मी चमच्याच्या मागच्या टोकाने घास आत सारत होतो. आई म्हणाली, सावकाश बाबा, घाई न्हाय.
आई माझ्या आधी जेवून उठली.